माळढोकाच्या मागावर : थरच्या वाळवंटातले सहा दिवस

आमच्या घरात माळढोक पाहिलेला माणूस एकच, आणि ते म्हणजे माझे वडील. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर १९७९ साली अभयारण्य झाले, त्यानंतरची कित्येक वर्षे अण्णा पावसाळ्यातले रविवार तिथे घालवत आणि संध्याकाळी घरी आले की तो पक्षी कसा चालतो हे अंगणात चालून दाखवत. पुढे मी त्याच माळावर जायला लागले तेव्हा काळवीट दिसले, लांडगा दिसला, धाविक आणि चंडोल तर पुष्कळ दिसले. माळढोक मात्र एकदाही दिसला नाही. आज हा पक्षी जगात जेमतेम दीडशेच्या घरात उरला आहे आणि त्यातले बहुतेक सगळे राजस्थानात, जैसलमेरच्या परिसरात आहेत. अण्णांना आता प्रवास झेपत नाही. म्हणून या जानेवारीत मी आणि माझे यजमान थरच्या वाळवंटात सहा दिवस जाऊन आलो, आणि शक्य तिथे गाडी सोडून पायी हिंडलो.

पहिला दिवस : जोधपूरचा लाल कातळ

पुण्याहून रेल्वेने जोधपूरला उतरलो. स्टेशनाबाहेर गरम मिरचीवडा खाल्ला आणि सामान टाकून दुपारीच राव जोधा मरुभूमी शिलोद्यान गाठले. मेहरानगडाच्या पायथ्याशी साधारण ७० हेक्टरांवर पसरलेले हे उद्यान जोधपूरला जाणारे बहुतेक पर्यटक किल्ल्यावरून नुसते खाली पाहतात आणि निघून जातात, याचे मला फार वाईट वाटते. वाळवंटाची ओळख करून घ्यायला याहून चांगली जागा नाही.

इथला कातळ ज्वालामुखीतून आलेला आहे, आपल्या सह्याद्रीसारखाच. पण आपला काळा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, तर हा विटकरी लाल ऱ्हायोलाइट सुमारे ७५ कोटी वर्षांचा. हात फिरवला की तो काचेसारखा गुळगुळीत लागतो आणि कडेला धार असते. पाऊलवाट किल्ल्याकडे पाणी वाहून नेण्यासाठी एके काळी कातळात खोदलेल्या कालव्यातून जाते. दोन्ही बाजूंना लाल भिंती, पायाखाली सुके पात्र आणि वर आभाळाची अरुंद पट्टी. पाणी नसलेल्या कालव्यातून चालताना, हा सगळा दगड माणसांनी हातांनी फोडला आहे, ही गोष्ट मनातून जात नाही.

२००६ साली इथे काम सुरू झाले तेव्हा या कातळावर वेड्या बाभळीचे रान माजले होते. जोधपूरकडे तिला ‘बावळिया’ म्हणतात, म्हणजे वेडीच. दोन भाषांनी एका झाडाला एकच नाव ठेवावे, इतका त्या झाडाने दोन्हीकडे उच्छाद मांडला आहे. सोलापूरचे माळ पाहिलेल्याला हे वेगळे सांगायला नको. ती नुसती वरून तोडून उपयोग नसतो, कारण जमिनीखालच्या खोडातून ती पुन्हा फुटते. उद्यानाचे काम पाहणारे प्रदीप कृष्ण यांनी शेवटी दगडखाणीत पिढ्यान्‌पिढ्या काम करणाऱ्या खांडवालिया समाजाच्या लोकांना बोलावले. हे लोक हातोडीने कातळ वाजवून बघतात आणि आवाजावरून तो कुठे भेगाळला आहे, कुठे फोडता येईल, हे ओळखतात. त्यांनी मुळे दीड-दोन फूट खोल जाऊन खणून काढली आणि त्याच खड्ड्यांत थरची मूळची झाडे लावली गेली. आमच्याबरोबरच्या तरुण वाटाड्याने एका जागी थांबून थोराच्या काटेरी बेटाच्या आत बोट दाखवले. त्या काट्यांच्या मधोमध कुमटाचे वीतभर रोप उभे होते. बाहेर असते तर शेळीने कधीच खाल्ले असते. थोराच्या पोटात ते निर्धास्त वाढत होते.

इथे जायचे तर दुपारी साडेतीननंतर जावे, म्हणजे उतरत्या उन्हात कातळाचा रंग खुलतो आणि किल्लाही समोर उजळतो. वाटांना रंगांच्या खुणा केलेल्या आहेत, तरी वाटाड्या जरूर घ्यावा. तो नसता तर आम्हाला ते रोप दिसले नसते. झाडांसाठीच जायचे असेल तर पावसाळ्यानंतरचे दिवस निवडावेत, कारण जानेवारीत बरीच झुडपे सुकलेली असतात.

दुसरा दिवस : खिचनच्या कुरजां

पहाटे चारला जोधपूर सोडले आणि उजाडायच्या आत फलोदीजवळच्या खिचन गावात पोचलो. २०१६ च्या मे महिन्यात याच फलोदीत पारा ५१ अंशांवर गेला होता. आम्ही मात्र तिथे गाडीतून उतरलो तेव्हा बोटे आखडली होती.

खिचनमध्ये दर हिवाळ्यात मध्य आशिया आणि मंगोलियाकडून हिमालय ओलांडून हजारोंनी कांड्या करकोचे येतात. राजस्थानात त्यांना कुरजां म्हणतात, आणि परदेशी गेलेल्या नवऱ्याला निरोप पोचवायला सांगणाऱ्या बायकांच्या लोकगीतांतून हा पक्षी घरोघरी माहीत आहे. सप्टेंबरच्या सुमारास ते येतात आणि मार्चपर्यंत राहतात. गावातल्या एका जैन दांपत्याने १९७० च्या दशकात त्यांना दाणे टाकायला सुरुवात केली, पुढे सारा गाव त्यात सामील झाला, आणि आता कुंपण घातलेल्या चुग्गाघरात रोज पोत्यांनी धान्य पडते. २०२५ च्या जूनमध्ये खिचनला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

आम्हाला एका घराच्या गच्चीवर जागा मिळाली. आधी काही दिसलेच नाही, फक्त आवाज आला. सुरुवातीला तो दूरच्या बाजारातल्या गलक्यासारखा वाटला, मग हळूहळू त्यात एकेक कर्र-कर्र अशी हाक वेगळी ऐकू येऊ लागली. मग पूर्वेकडून काळी रेघ उठली, तिच्या मागे दुसरी, आणि पाहता पाहता गावावरचे आभाळ भरून गेले. पण ते लगेच उतरले नाहीत. कितीतरी वेळ ते घिरट्या घालत राहिले, कुणीतरी एक खाली येऊन पुन्हा वर जाई, आणि अखेर पहिला थवा टेकला तसे बाकीचे धो-धो उतरले. राखाडी अंग, छातीवर लोंबणारी काळी पिसे, लाल डोळ्यामागून निघालेला पांढरा तुरा. गच्चीची मालकीण साठीच्या पुढची होती. तिने आम्हाला बाजरीची गरम राब, म्हणजे पेज, वाट्यांतून आणून दिली आणि म्हणाली, “बाईसा, या माहेरवाशिणी आहेत. माहेरी आलेल्या मुलीला कुणी उपाशी ठेवतं का?” ती हे मारवाडीत म्हणाली, पण माहेर हा शब्द समजायला भाषा आड आली नाही.

खिचनला येणाऱ्यांनी आदल्या रात्री फलोदीत मुक्काम करावा, म्हणजे आमच्यासारखी चारची धावपळ होत नाही. पक्षी चरत असताना कुंपणाजवळ जाऊ नये, गच्चीवरूनच पाहावे आणि गच्चीवाल्यांना दाण्यासाठी काही पैसे द्यावेत. ऊन चढल्यावर पक्षी गावाबाहेरच्या तळ्यावर पाणी प्यायला जातात. तिथे तासभर शांत बसले तर ते पुष्कळ जवळून दिसतात. दुपारी पोकरणवरून निघून अंधार पडता पडता जैसलमेरला पोचलो.

तिसरा दिवस : दगड झालेली झाडे आणि खडीन

जैसलमेरहून बारमेरच्या रस्त्याला १७ किलोमीटरवर आकल आहे. २१ हेक्टरांच्या उजाड उतारावर तिथे झाडांचे दगड झालेले ओंडके पडलेले आहेत. १८ कोटी वर्षांपूर्वी, जुरासिक काळात, इथे घनदाट अरण्य होते. मोठे ओंडके लोखंडी जाळीत आणि पत्र्याच्या छपराखाली ठेवले आहेत, त्यामुळे काही जण निराश होऊन दहा मिनिटांत परततात. आम्ही दोन तास चाललो. पायवाटेच्या कडेला पडलेल्या एका तुकड्यापाशी मी गुडघे टेकून बसले. सालीच्या रेघा, एक गाठ, गाठीभोवती वळलेले धागे, सगळे लाकडासारखेच. हाताला मात्र थंडगार दगड. तो तिथेच ठेवला. आकलमधून एक खडाही उचलू नये, ही विनंती मी सगळ्यांना करते.

दुपारी खाबा आणि कुलधरा या ओस गावांकडे गेलो. पालीवाल ब्राह्मणांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात ही गावे सोडली. कुलधऱ्याला भुताखेतांच्या गोष्टी ऐकायला गर्दी होते. मला मात्र त्या पडक्या भिंतींपेक्षा पालीवालांनी मागे ठेवलेली विद्या मोलाची वाटली, आणि ती जवळच जिवंत पाहायला मिळाली. तिचे नाव खडीन. खडकाळ उतारावरून वाहून येणारे पावसाचे पाणी सखल भागात मातीचा लांब बांध घालून अडवायचे, ते तिथेच जिरू द्यायचे, आणि पाणी ओसरले की त्या ओलीवर रब्बी पेरायची. विहीर नाही, पाट नाही, पंप नाही. सभोवती पिवळा खडक आणि मधे गुडघ्याएवढा हिरवागार हरभरा, असे ते शेत होते. बांधावर बसलेल्या आजोबांनी हरभऱ्याचे चार डहाळे उपटून हातात दिले आणि आम्ही आमची सोलापुरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी त्यांच्यापुढे उघडली. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, तो मोडल्याचा आवाज ऐकला आणि विचारले, “किती दिवस टिकते?” महिनाभर म्हटल्यावर त्यांनी समाधानाने मान डोलावली. अन्न टिकवण्याची किंमत त्यांना कळत होती.

चौथा दिवस : खुडीचे धोरे

या दिवशीची एक चूक सांगायला हवी, म्हणजे इतरांची टळेल. आम्ही सम गावाच्या बाजूला एका तंबूनिवासात आगाऊ पैसे भरून जागा घेतली होती. तिथे पोचलो तर दुपारपासूनच मोठे ध्वनिवर्धक लावलेले, वाळूवरून भरधाव गाड्या चाललेल्या आणि टेकड्यांच्या पायथ्याशी प्लॅस्टिकचा खच. ‘शांत वाळवंटी मुक्काम’ असे आम्हाला कळवले होते. पैसे परत मिळाले नाहीत, तरी आम्ही तिथून निघालो आणि खुडी गावात एका कुटुंबाच्या घरी राहिलो. वाळूच्या टेकड्या पायी पाहायच्या असतील तर जागा ठरवताना रात्री ध्वनिवर्धक असतो का, हे आधी स्पष्ट विचारावे.

खुडीच्या घरी रात्री केर-सांगरी, कढी आणि बाजरीचे सोगरे मिळाले. सांगरी म्हणजे खेजडीच्या कोवळ्या शेंगा वाळवून ठेवलेल्या, आणि खेजडी म्हणजे आपण दसऱ्याला पुजतो ती शमी. केर म्हणजे आपल्याकडच्या नेपतीचे फळ; त्याचा कडूपणा जाण्यासाठी ते काही दिवस ताकात किंवा मिठाच्या पाण्यात ठेवतात. घरच्या ताईंनी सांगितले की दुष्काळात गहू गेला, बाजरी गेली, तरी खेजडी आणि केर कधी गेले नाहीत. मी ती भाजी तीनदा मागून घेतली.

पहाटे सहाला घरमालकांबरोबर निघालो. चंद्र अजून होता. इकडे वाळूच्या टेकडीला धोरा म्हणतात. धोऱ्याची वाऱ्याकडची बाजू लांबट आणि घट्ट असते, तिच्यावरून चालणे सोपे जाते; आडोशाची बाजू मात्र उभी आणि भुसभुशीत असते, तिथे पाऊल टाकले की घोट्यापर्यंत जाते आणि खालची सगळी वाळू सरकू लागते. म्हणून चढताना नेहमी कण्यावरून, म्हणजे दोन उतारांच्या सांध्यावरून चालावे. अनवाणी चालण्याचा मोह होतो, पण भुरटाच्या गवताचे बारीक काटे वाळूत लपलेले असतात आणि ते पायातून काढणे सोपे नसते.

सूर्य वर यायच्या आधीचा अर्धा तास या वाळूचा सर्वांत वाचनीय वेळ असतो. तिरप्या उजेडात रात्रीची प्रत्येक हालचाल तिच्यावर उमटलेली दिसते. एका किड्याची दोन समांतर टिंबांची ओळ फोगाच्या झुडपापर्यंत गेली होती. उंदरासारख्या जर्बिलची चार-चार उड्यांची पावले त्याच झुडपाच्या बुडाशी बिळात शिरत होती. आणि त्यांच्या जरा वरून, न घाई करता, एकामागे एक ठेवलेली कोल्ह्याची पावले बिळापाशी येऊन थांबली होती. तिथे वाळू उकरलेली होती. जर्बिल सुटली की नाही हे वाळूवर लिहिलेले नव्हते. घरमालकांनी हाताने हातभर खोल खड्डा केला आणि मला आत बोटे घालायला सांगितली. वरची वाळू कोरडी ठणठणीत होती, आणि खाली, जानेवारीत, शेवटच्या पावसानंतर कित्येक महिन्यांनी, ओल होती. तिच्यावरच फोग जगतो, असे ते म्हणाले.

वारा सुटला तसा अर्ध्या तासात सगळा मजकूर पुसला गेला.

पाचवा दिवस : सुदासरी

मरुभूमी राष्ट्रीय उद्यान ३,१६२ चौरस किलोमीटरचे आहे, जैसलमेर आणि बारमेर या दोन जिल्ह्यांत पसरलेले. त्यात गावे आहेत, शेते आहेत, गुरे आहेत. माळढोकांसाठी काही भाग कुंपण घालून राखला आहे आणि सुदासरी हा त्यांतला मुख्य भाग. इथे जाण्यासाठी वनविभागाची परवानगी आधी काढून ठेवावी आणि ओळखपत्र जवळ बाळगावे. दुर्बीण हवीच, कपडे मातकट रंगाचे असावेत, आणि पक्षी दिसलाच पाहिजे असा हट्ट वाटाड्याकडे धरू नये, कारण त्या हट्टापायीच गाड्या गवतात शिरतात.

आम्ही एका वनरक्षकांबरोबर कुंपणाच्या कडेने चालत होतो. सेवण गवत कमरेपर्यंत, वाळून सोनेरी झालेले. पहिल्या तासात चिंकारा दिसले, दूर एका वठलेल्या खेजडीवर गिधाडे ऊन खात बसलेली दिसली. वनरक्षक फारसे बोलत नव्हते. मी सोलापूरची आहे हे कळल्यावर मात्र थांबले आणि म्हणाले, “म्हणजे तुम्हीही गोडावणवाल्याच. तुमच्याकडे किती उरलेत?”

राजस्थानात माळढोकाला गोडावण म्हणतात. १९८१ पासून तो त्यांचा राज्यपक्षी आहे. मी त्यांना खरे सांगितले, की मी चाळीस वर्षांत एकही पाहिलेला नाही. त्यावर ते काही बोलले नाहीत. पण त्यानंतर ते प्रत्येक उंचवट्यावर थांबून दुर्बीण लावू लागले.

साडेनऊच्या सुमारास त्यांनी हात मागे करून आम्हाला थांबवले. चारेकशे मीटरवर गवतातून एक पांढुरकी मान वर आली होती. ती स्थिर होती, एखाद्या खुंटासारखी, म्हणून माझी नजर आधी तिच्यावरून दोनदा निसटली. मग ती हलली. डोक्यावर काळी टोपी, छातीवर आडवा काळा पट्टा, पाठ तपकिरी, उंची मीटरभर. नर होता. एक पाय उचलला, तो हवेतच क्षणभर धरला, मग टाकला. चोच किंचित आभाळाकडे. पुन्हा मान ताठ, पुन्हा पाऊल. गवत पांगले तिथे त्याने वाकून काहीतरी टिपले, बहुधा नाकतोडा, आणि मान पुन्हा वर आली. त्याच्या बरीच अलीकडे राखाडी मानेच्या दोन माद्या होत्या. त्या मला वनरक्षकांनी दाखवेपर्यंत दिसल्याच नव्हत्या. अकरा मिनिटे ते तिघे दिसत होते. छायाचित्र घेण्याचे मला सुचले नाही, आणि घेतले असते तरी एक ठिपका आला असता. यजमानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा मला कळले की माझे डोळे वाहत आहेत.

परतताना वनरक्षक मोकळे झाले. मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर; भटकी कुत्री, कोल्हे आणि घोरपडी ते खातात. पण मोठ्या पक्ष्यांचा सर्वांत मोठा काळ म्हणजे विजेच्या तारा. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्यामुळे त्याला सभोवतालचे चांगले दिसते आणि नेमके समोरचे कमी दिसते. अंगाने जड असल्याने तार जवळ आल्यावर ऐनवेळी वळणे त्याला जमत नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने या भागातल्या तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला होता, २०२४ मध्ये तो शिथिल करून समिती नेमली. वाळवंटात सूर्य आणि वारा भरपूर आहे, म्हणून विजेचे प्रकल्पही इथेच आहेत. ती वीज देशाला हवी आहे हे मला मान्य आहे. पण तारा जमिनीखाली घालण्याचा खर्च जास्त येतो म्हणून जो पक्षी दीडशेवर आला आहे त्याने तो भरावा, हे मान्य करता येत नाही. सम आणि रामदेवरा इथल्या केंद्रांत अंडी उबवून पिल्ले वाढवली जात आहेत. ती पिल्ले सोडायची कुठे, हा प्रश्न शेवटी माळावरच सुटायचा आहे.

सहावा दिवस : देगराय ओरण

परतीच्या दिवशी सकाळ मोकळी होती, म्हणून देगराय मातेच्या ओरणात गेलो. ओरण म्हणजे देवराई. आपल्या कोकणातल्या देवराईत अंधार असतो, वेली असतात. इथे विरळ खेजडी, जाळ (म्हणजे पिलूचे झाड) आणि केर, मधे गवत, आणि त्यात उंटांचे कळप. पण नियम तोच, की देवीच्या रानात कुऱ्हाड चालवायची नाही. तासभर चाललो. एका उंटवाल्या मुलाने त्या जाळाचे पान चघळायला दिले, ते मोहरीसारखे तिखट लागले. ओरणावरून उच्चदाबाच्या तारा गेल्या आहेत आणि पक्ष्यांना त्या दिसाव्यात म्हणून त्यांवर फिरत्या चकत्या लावलेल्या आहेत. वाऱ्याने त्या चकाकत होत्या. काही गळून पडल्या होत्या; त्या ठिकाणी नुसती तार होती.

सुदासरीत फोन लागला नव्हता, तो इथे लागला. अण्णांना म्हटले, दिसला. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्यांनी विचारले, “पाय कसा टाकत होता?”

मी फोन यजमानांच्या हातात दिला, त्यांना कॅमेरा सुरू करायला सांगितला, आणि उंटवाल्या मुलासमोर, त्या गवतात, अण्णा अंगणात चालायचे तसे चालून दाखवले. “चोच अजून वर,” अण्णा म्हणाले.